महिना संपायच्या आत

तीन ओळींचं पत्र लिहायला मला नऊ दिवस लागले.
पहिल्या ओळीत नाव, दुसरीत निर्णय,
तिसरीत तारीख.
नाव तेवढं मला येत होतं.

आमच्याकडे, वुच शहरात, हिशेब असा:
तीन वर्षांच्या वर नोकरी झाली असेल
तर तीन महिन्यांची नोटीस,
आणि ते महिने अख्खे मोजायचे,
चुरा चालत नाही.
आज तीस सप्टेंबर. आज दिलं
तर एकतीस डिसेंबरला मी मोकळी.
उद्या दिलं, तर एका रात्रीची किंमत एक महिना,
आणि दार्वोवोचे पवनचक्कीवाले
एक जानेवारीच्या पुढे थांबणार नाहीत.
तसं सांगितलंय त्यांनी. फार गोड आवाजात.

तिथेही लिफ्टच आहेत.
खांबाच्या पोटातून चढणाऱ्या, जेमतेम दोघांपुरत्या,
वर दार उघडलं की समुद्र.
आईला सांगितलं तर म्हणाली,
म्हणजे तुझं वरखाली काही सुटत नाही.

पत्र हत्यारांच्या पेटीत, मोठ्या पान्याखाली.
इरेनेउश साहेब सकाळपासून सापडत नाहीत.
ऑफिसात नाहीत, गोदामात नाहीत,
फोन वाजतो आणि वाजून थकतो.
तीन वाजता त्यांचाच येतो:
चौदा नंबरची इमारत. पाच आणि सहाच्या मधे.
ये.

त्या लिफ्टचे दोर मी दोनदा बदललेत.
आतल्या आरशावर खिळ्यानं कोरलंय, रादेक अधिक,
आणि पुढचं नाव कुणीतरी घासून टाकलेलं.
आज आत लेओकाडियाबाई.
त्या घडीची खुर्ची घेऊनच लिफ्टमध्ये शिरतात,
म्हणतात, तुमच्या यंत्रावर विश्वास आहे, माझ्या गुडघ्यांवर नाही.
साहेब जिन्यात उभे, फटीत तोंड घालून
त्यांच्याशी बिटांच्या भावावर बोलताहेत.

मी वर यंत्राच्या खोलीत जाते,
ब्रेक सैल करते, चाक हातानं फिरवते.
चार बोटं. मग वीतभर.
अधांतरी अडकलेल्याला खाली आणायचं ते असंच,
घाई केली की तो घाबरतो.

दार उघडतं. बाई माझ्या गालाला बिटाचे लाल हात लावतात:
पुढच्या वेळीही तूच ये गं.

आणि मी नेमकं तेव्हाच पत्र काढते.
दुसरी वेळ नव्हती.

साहेब चष्मा कपाळावरून खाली घेतात.
तीन ओळींना तेरा ओळींचा वेळ.
मग बोटांवर मोजतात, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर,
करंगळी नुसती उभी राहते.
"काल का नाही दिलंस?"
काल धीर नव्हता.
"उद्या दिलं असतंस तर मला जानेवारी मिळाला असता."
उद्याही नसता, म्हणून आज.
ते हसत नाहीत. लिफ्टच्या दारावर कागद टेकवून सही करतात,
खाली वेळ घालतात, तीन चाळीस,
आणि पेन मला परत द्यायचं विसरून जातात.

उरली नोंदवही. दोष. उपाय.
पुढची तपासणी: सतरा जानेवारी.
अकरा वर्षं मी लोकांच्या भिंतींवर पुढच्या तारखा लिहीत आले,
बिनधास्त, जणू माझ्याच बापाची दिनदर्शिका.
तंत्रज्ञाचं नाव, या रकान्यात
पेन्सिल आपोआप दोब्रोख्नातला 'दो' काढते
आणि थांबते.
साहेबांनी पाहिलं. मी खोडलं नाही.
राहू दे अर्धंच.

लेओकाडियाबाई पाचव्यावरच्या शेजारणीकडे चहाला बसल्यात,
म्हणतात, आधी तू एकटी जाऊन ये, मग मी.
मी नववं बटण दाबते.
रिकामी खुर्ची माझ्याशेजारी, पाय फाकून.
दार मिटता मिटता ऐकू येतं,
साहेब जिना उतरताना मोठ्यानं मोजताहेत,
पायऱ्या की महिने, कळत नाही.